सांतियागो ते ऑकलंड, तेरा तास

१ जानेवारी, गुरुवार
नवीन वर्ष, नवीन डायरी. विमा कंपनीने फुकट दिली आहे. कागद बरा आहे.

संकल्प एकच. मार्चमध्ये मुलीच्या, रायेनच्या, लग्नाला न्यूझीलंडला जायचं. गावात काही लोकांना शंका आहे, म्हणून नोंद करून ठेवतो. मी, एलिसेओ सान्दोवाल, वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं चिलीतल्या चियानमध्ये ट्रॅव्हल एजन्सी चालवतोय. या गावातून जो कोणी विमानात बसला, तो माझ्या टेबलासमोरून उठून बसला. मी स्वतः अजून बसलेलो नाही, कारण वेळ मिळाला नाही. सुईणीला कोणी विचारत नाही, तुझी बाळंतपणं किती झाली म्हणून.

सांतियागो ते ऑकलंड ९,६७० किलोमीटर. जाताना तेरा तास, वारा समोरून असतो. येताना अकरा. मला हे कॉम्प्युटरमध्ये बघावं लागत नाही.

लग्न १४ मार्च, दुपारी तीन. नवरीला हाताला धरून चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत न्यायचं काम बापाचं. साधारण वीस मीटर. ते मी नेईनच. आधीचे ९,६७० किलोमीटर म्हणजे तपशील.

४ जानेवारी, रविवार
निल्दाला संकल्प सांगितला. पावावर अवोकाडो फासत होती. म्हणाली, बरं. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला एवढंच मिळतं.

मी म्हणालो, तिकिटं मी काढतो. तर म्हणाली, तिकिटांचं मी बघितलंय, तू त्यात पडू नकोस. म्हणजे इंटरनेटवरून काढली. ट्रॅव्हल एजंटच्या बायकोने. दाखव म्हटलं तर म्हणे, मोबाईल चार्जिंगला लावलाय.

डायरीच्या शेवटच्या पानावर दगाबाजांची यादी सुरू केली. पहिलं नाव घरातलंच.

९ जानेवारी, शुक्रवार
ऑफिसात जाहीर केलं. ग्रिसेल्दा माझ्याकडे एकोणीस वर्षं कामाला आहे. तिने मान वर न करता विचारलं, "डॉन एलिसेओ, कुठल्या मार्गाने?" मार्ग एकच आहे, हे तिला मीच शिकवलंय. औषधवाल्याची बायको तिकिटासाठी बसली होती. ती म्हणाली, "अखेर." हा शब्द मला आवडला नाही.

दुपारी पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा धरून मार्ग तपासला. दोरा सरळ न जाता दक्षिणेकडे वाकतो. खाली नुसतं पाणी. तेरा तासांत उतरायला जागा अशी नाहीच. गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो की खाली समुद्र असला की हवा शांत असते. आज प्रथमच मनात आलं, हे मला कोणी सांगितलं होतं? ग्रिसेल्दाला विचारलं. म्हणाली, तुम्हीच.

१५ जानेवारी, गुरुवार
डॉक्टरकडे गेलो. डाव्या कानात लहानपणापासून काहीतरी आहे. उंचीवर दाब बदलला की अशा कानाचं काय होतं, हे मी वाचून गेलो होतो. कागद छापूनही नेले होते. डॉक्टरने बॅटरी मारून बघितलं, दोन मिनिटंसुद्धा नाही. म्हणाला, कान उत्तम आहे, चंद्रावर जा.

पंचवीस वर्षं याच्याकडे जातोय. ऐन वेळी असं वागला. यादीत दुसरा.

२२ जानेवारी, गुरुवार
पासपोर्टची मुदत संपली असल्याचं लक्षात आलं. म्हणजे २०११ मध्ये. निल्दाला गंभीरपणे सांगितलं की नवा निघायला महिने लागतात, कदाचित या खेपेला जमणार नाही, माझा नाइलाज आहे. मग ऑफिसात गेलो. ग्रिसेल्दाने ड्रॉवर उघडून नवा कोरा पासपोर्ट टेबलावर ठेवला. डिसेंबरात फोटो काढायला म्हणून ज्या ऑफिसात मला नेलं होतं, ते म्हणे याचसाठी. मला वाटलं वीजबिलाचं काहीतरी असेल. सही मी न वाचता करतो, विश्वास म्हणून. न्यूझीलंडची ऑनलाइन परवानगीसुद्धा काढून ठेवली होती.

कर्मचाऱ्याने मालकाच्या पाठीमागे एवढं करावं. मी आभार मानले. फोटोत मी घाबरलेला दिसतो, कॅमेऱ्याचा दोष.

३१ जानेवारी, शनिवार. सकाळी ६
आज सराव. कन्सेप्सिऑन ते सांतियागो विमानाने, ४३० किलोमीटर, एक तास पाच मिनिटं. लगेच परतीचं विमान. तेरा तासांचा डोंगर असा तासातासाने फोडायचा. निल्दाला म्हणालो, संध्याकाळच्या चहाला घरी येतो.

३१ जानेवारी. संध्याकाळी ४, बसमध्ये
विमानतळ स्वच्छ आहे. आत गेलो. तपासणी झाली. बूट काढायला लावले, काढले. रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे फक्त चार माणसं उरली होती. तेवढ्यात दारातली मुलगी प्रत्येकाला "प्रवास सुखाचा होवो" म्हणत होती, ते मी नीट ऐकलं. तिचा आवाज मला बरोबर वाटला नाही. तिला काहीतरी माहीत होतं.

विमान माझ्याविना गेलं. एव्हाना ते सांतियागोला पोचलंही असेल. पण मुद्दा तो नाही. घरापासून विमानाच्या दारापर्यंतचा प्रवास पूर्ण झाला. टक्केवारीत बघितलं तर सराव नव्वद टक्के झाला. उरलेले दहा टक्के प्रत्यक्ष दिवशी.

१ फेब्रुवारी, रविवार
काल चहाला निल्दाने विचारलं, वरून काय दिसलं. मी म्हणालो, जाताना डाव्या हाताला आन्देस पर्वत, शिखरांवर बर्फ, अप्रतिम. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "उत्तरेला जाताना पर्वत उजव्या हाताला येतो, एलिसेओ."

मी म्हणालो, मी परतीचं सांगत होतो. ती म्हणाली, हो का. आणि मला आणखी पाव वाढला. वाढण्याची पद्धत चांगली नव्हती.

१० फेब्रुवारी, मंगळवार
नवा, अधिक प्रगल्भ विचार. जहाज. मालवाहू जहाजं तीन-चार प्रवासी नेतात. माणूस म्हणून समुद्र ओलांडायचा तर तो समुद्रावरूनच. वाल्पाराईसोच्या एका दलालाला फोन केला. अठ्ठावीस दिवस लागतात म्हणाला. जहाज कधी, विचारलं. काल सुटलं.

हे मला परवा कोणी सांगितलं असतं तर गेलो असतो. बॅग तयारच होती, जवळजवळ.

१८ फेब्रुवारी, बुधवार
वाल्दो आला होता. निल्दाचा धाकटा भाऊ, लाकडाचा ट्रक चालवतो. याला अंतरातलं काही कळत नाही. कॅनडा कुठे आहे विचारलं तर म्हणतो, वर. पण पठ्ठ्या सहा वेळा विमानात बसलाय आणि सहाही वेळा झोपला.

नवा सूट घेऊन आला होता, निल्दाकडून पँटची लांबी कमी करून घ्यायला. ट्रक ड्रायव्हरला करड्या रंगाचा सूट कशाला? म्हणाला, "एक कार्य आहे दाजी." कोणाचं म्हटलं तर निल्दाकडे बघायला लागला. ती तोंडात टाचण्या धरून बसली होती, तिला बोलता आलं नाही. मी त्याला टाय कसा बांधायचा ते शिकवलं. नवरीच्या बापाचा टाय कसा असतो, तेही दाखवलं. दोनदा. मन लावून शिकला बिचारा.

विमानतळावर सोडायला येतो म्हणाला. येऊ दे. बॅगा उचलायला बरा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
२०१० च्या मोठ्या भूकंपाचा वर्षदिन. गावात सगळे तेच बोलत होते. त्या पहाटे माझं कपाट आडवं झालं, पण मी घाबरलो नाही. जमीन हलते हे मान्य. पण ती जागच्या जागी हलते. अकरा हजार मीटर खाली जात नाही.

निल्दा म्हणाली, तुला यायचं नसेल तर आत्ता सांग, मी रागावणार नाही. मी म्हणालो, तुझा माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, मी विश्वासाचं विचारलं नाही, येण्याचं विचारलं. मी म्हणालो, अर्थात येतोय. तिने डोळे पुसले. कांदा चिरत होती.

५ मार्च, गुरुवार
बॅग भरली. सूट, काळे बूट, रायेनसाठी चियानचे सॉसेज. ग्रिसेल्दा म्हणाली तिकडच्या विमानतळावर मांस फेकून देतात. सॉसेज काढले. बॅगेत बरीच जागा झाली. निल्दा म्हणाली, राहू दे रिकामी. हिची बॅग मात्र फुगलेली. लोकरीचे जाड स्वेटर कशाला, तिकडे उन्हाळा संपतोय फक्त. म्हणाली, असू दे.

काल रात्री शांत झोप लागली. यावरून मी तयार आहे हे सिद्ध होतं.

७ मार्च, शनिवार. दुपारी ३, परतीच्या बसमध्ये
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. पुढे कोणी विचारलं तर पुरावा असावा.

पहाटेच्या बसने सांतियागोला आलो. निल्दा, मी, वाल्दो. विमान साडेबाराचं. वाल्दोने तो करडा सूट पिशवीत घालून हातावर धरला होता. मी म्हणालो, अरे, याला घरी ठेवायचंस. त्याने पिशवी दुसऱ्या हातावर घेतली.

काउंटरवर निल्दाने दोन पासपोर्ट ठेवले. एक तिचा. दुसरा मी उचलून बघितला. वाल्दोचा.

मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, चूक होतेय, दुसरं तिकीट सान्दोवालच्या नावावर आहे. तिने स्क्रीन बघितली. म्हणाली, तिकिटं दोनच आहेत सर, सव्वीस ऑक्टोबरला काढलेली.

सव्वीस ऑक्टोबर. म्हणजे मी संकल्प केला त्याच्या आधी दोन महिने. मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो, मी जहाजाची चौकशी केली, मी सराव केला, आणि ही तिकिटं त्याआधीच काढलेली. याच माणसाला मी टाय शिकवला.

वाल्दो म्हणाला, "दाजी, मी नाही म्हणत होतो." निल्दा त्याला म्हणाली, तू तिकडे जाऊन उभा राहा. मग मला म्हणाली, "रायेनचा विचार होता तो. मी मात्र शेवटपर्यंत वाट बघितली." आणि काउंटरच्या मुलीला विचारलं, जागा आहे का. मुलगी म्हणाली, अकरा सीट रिकाम्या आहेत, चाळीस मिनिटांत काउंटर बंद होईल.

निल्दाने माझ्यापुढे हात केला. "पासपोर्ट खिशात आहे ना? दे."

होता. परवानगी होती. बॅग होती. कान उत्तम होता.

मी विचारलं, विमान कुठल्या बनावटीचं आहे. सांगितलं. किती वर्षांचं आहे. चौकशी करून सांगितलं. कप्तानाचं वय विचारलं, ते त्यांना माहीत नव्हतं, हे मला बेजबाबदारपणाचं वाटलं. मग हात धुवून येतो म्हणालो. हात स्वच्छ असावेत, प्रवास लांबचा. साबण संपला होता, दुसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ नळाशी झगडत होते, त्यांना मदत केली. परत आलो तेव्हा काउंटरवर साखळी लावत होते. निल्दा तिथेच उभी होती, वाल्दो दूर.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझी कॉलर नीट केली. म्हणाली, फ्रिजमध्ये तीन दिवसांचं आहे, पोचले की फोन करते.

मी हो म्हणणारच होतो. मला वेळच दिला नाही. चाळीस मिनिटं म्हणजे काही वेळ नव्हे.

बस सुटल्यावर पाय एकदम हलके वाटले. भूक लागली. हा धक्क्याचा परिणाम असावा.

८ मार्च, रविवार. संध्याकाळी
रायेनचा फोन. दोघं सुखरूप पोचली. वाल्दो पूर्ण तेरा तास झोपला.

मी शांतपणे विचारलं, बापाला न विचारता हे ठरवलंस कसं? तीही शांतपणे म्हणाली, "बाबा, ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला फोन करून सांगितलं, मी लग्न करतेय. तुम्ही आधी अंतर सांगितलंत. मग तास. मग वाऱ्याची दिशा. अभिनंदन म्हणालात तेव्हा मी फोन ठेवत होते. त्याच दिवशी मी वाल्दोमामाला विचारलं."

मी म्हणालो, माहिती देणं हा माझा स्वभाव आहे. ती म्हणाली, माहीत आहे बाबा. मी रागावले नाहीये. लग्न व्हिडिओवर दाखवू, सूट घालून बसा.

मुलीचं नाव यादीत लिहायला पान उघडलं. पेन चालेना. दुसरं पेन शोधलं नाही.

११ मार्च, बुधवार
फ्रिज संपला. ग्रिसेल्दाने घरून डबा आणला, बीन्सचा. निल्दाचा मेसेज, व्हिडिओ चिलीच्या वेळेप्रमाणे कधी सुरू होईल त्याचा. न उघडता उत्तर दिलं की वेळेचा हिशेब मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं हेच करतोय. तिकडची शनिवार दुपार तीन, सोळा तासांचा फरक, म्हणजे इथली रविवार सकाळ सात. ग्रिसेल्दाला आणि औषधवाल्याच्या बायकोला घरी बोलावलं आहे. केक सांगितला.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ८
काल लवकर झोपलो, फोन बंद करून. सकाळी उघडला तर निल्दाचे सात मिस्ड कॉल आणि वाल्दोचे दोन. लग्नाच्या आदल्या दिवशी घरात अशी गडबड होतेच. मी उलट फोन केला नाही. त्यांना तयारी करू द्यावी.

मग सूटला इस्त्री केली. कॉम्प्युटर टेबलाच्या मधोमध ठेवून बघितला. मागे फुलदाणी.

१५ मार्च, रविवार. रात्री
सूट, टाय, बूटसुद्धा, जरी बूट दिसणार नव्हते. औषधवाल्याची बायको मोत्यांची माळ घालून. सात वाजले. सव्वासात. पडदा काळा. मी म्हणालो, तिकडचं इंटरनेट.

ग्रिसेल्दाने माझा हिशेबाचा कागद उचलला. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, "डॉन एलिसेओ, तिकडे सोळा तास पुढे आहे. इथली वेळ काढायला सोळा वजा करायचे. तुम्ही मिळवलेत." मग पाहुणीकडे न बघता म्हणाली, "लग्न परवाच झालं. आपल्या शुक्रवारी रात्री अकराला."

औषधवाल्याची बायको म्हणाली, केक तरी कापू या.

चूक कागदाची आहे. आकडे फार जवळ जवळ लिहिले गेले.

केक चांगला होता असं ऐकलं. मी सूट संध्याकाळपर्यंत काढला नाही, कोणी व्हिडिओ परत दाखवलाच तर असावा म्हणून. निल्दाने फोटो पाठवले आहेत. अठ्ठावीस. अजून उघडले नाहीत. डोळ्यांना स्क्रीनचा त्रास होतो.

२३ मार्च, सोमवार
तयारी. शनिवारी निल्दा येणार. येतानाचा प्रवास अकरा तास, आणि विमान निघतं त्याच्या आधीच्या वेळेला इथे पोचतं. या वेळी ग्रिसेल्दाकडून तपासून घेतलं. फरशी पुसली. दारातल्या गुलाबाला पाणी. पावाच्या दुकानात ताज्या पावाची ऑर्डर. यादीचं पान फाडून टाकलं. माणसाने मन मोठं ठेवावं. सगळ्यांना माफ करायचं ठरवलं आहे, निल्दापासून सुरुवात. माफीचे शब्द पाठ केले. ती काय म्हणेल तेही ठरवलं.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ८
चियानच्या बस स्टँडवर साडेसहाला सांतियागोची बस लागली. मी तिन्ही दारांवर लक्ष ठेवून. बसला दारं दोनच असतात. गुलाब हातात.

वाल्दो उतरला. त्याच्यामागे एक बाई, एक सैनिक, एक कोंबड्यांचा खोका. मग ड्रायव्हर.

वाल्दो म्हणाला, "दाजी, ताई राहिली तिकडे." किती दिवस, विचारलं. म्हणाला, हिवाळाभर तरी. रायेनने राहा म्हटलं, ताईलाही आवडलंय. रोज सकाळी समुद्रावर फिरायला जाते, आणि फोन करणार आहे तुम्हाला स्वतः. "तुम्ही कधीही या म्हणाली. तिकीट ती पाठवेल." मला आता ते स्वेटर कळले.

गुलाब वाल्दोला दिले. त्याला कुठे धरावे कळेना.

बाकावर बसलो. त्याने सोपाइपिया, म्हणजे भोपळ्याच्या पुऱ्या, घेतल्या, गरम होत्या, चटणी लावून. मी फोटोंबद्दल विचारलं नाही. तोच सांगत बसला. जावई हेमी चांगला पोरगा आहे, सहा फूट, सासूशी स्पॅनिश बोलायचा प्रयत्न करतो. चर्च लाकडाचं. दाराशी रायेनने वाल्दोचा हात धरला, संगीत सुरू झालं, आणि हा भराभर निघाला. ट्रकवाला माणूस.

"दोन पावलं गेलो तर तिने मला मागे ओढलं, दाजी. म्हणाली, मामा, हळू. बाबा हळू चालतात. मग तसेच गेलो आम्ही, तुमच्यासारखे. लोकांना वाटलं माझा गुडघा दुखतोय."

मी सोपाइपिया संपवली. वाल्दोला म्हणालो, उशीर झाला, निघू या.

मी हळू चालत नाही. हे तिला कोणी सांगितलं माहीत नाही. स्टँडपासून घर अकराशे मीटर आहे, चौदा मिनिटांचा रस्ता. आज चाळीस लागली. वाल्दोच्या हातात सामान होतं म्हणून.